स्टीम इस्त्री घ्यायची आहे? दुकानात शेवटी जा

स्टीम इस्त्रीबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडले. तळातून पाणी गळतं. इस्त्री लावली की एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, पडतो. हात भरून येतो, म्हणून नवी कोरी इस्त्री माळ्यावर गेली. यातल्या फार थोड्या तक्रारींत दोष इस्त्रीचा असतो. बहुतेक वेळा निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी ऑफर बघून वस्तू घरी येते, मग तिची पिन बसेल असा सॉकेट शोधला जातो, आणि आपल्या कपड्यांना नेमकं काय हवं याचा विचार सगळ्यात शेवटी होतो.

खालच्या पहिल्या चार पायऱ्या घरातच, एक रुपयाही न खर्चता करायच्या आहेत. त्या गाळू नका. एक कागद घ्या आणि प्रत्येक पायरीचं उत्तर त्यावर लिहा. दुकानात तोच कागद कामाला येतो.

पायरी १ : इस्त्री करण्याच्या जागेजवळचा सॉकेट बघा

घरात दोन मापांचे सॉकेट असतात. लहान भोकांचा ६ अँपिअरचा, ज्यावर चार्जर, टीव्ही, टेबल फॅन चालतो. आणि मोठ्या भोकांचा १६ अँपिअरचा, जो सहसा फ्रिज, गिझर, एसी किंवा वॉशिंग मशीनजवळ असतो. आपला वीजपुरवठा २३० व्होल्टचा, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटवर जास्तीत जास्त १३८० वॉट चालवता येतात. २००० वॉटची इस्त्री जवळपास ८.७ अँपिअर ओढते, २४०० वॉटची साडेदहाच्या आसपास.

आता जिथे उभं राहून किंवा बसून तुम्ही इस्त्री करता, तिथला सॉकेट बघा. हॉलमध्ये इस्त्री होत असेल तर तिथे बहुधा लहानच सॉकेट असतो. मोठा असतो स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला, किंवा बेडरूममध्ये एसीसाठी वर भिंतीत. तिथे रोज इस्त्री करणं जमणार आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवा. जमणार नसेल तर तुमची मर्यादा १३८० वॉटच्या आत आहे, आणि ती कागदावर सगळ्यात वर लिहा. खोक्यावर ‘२००० ते २४०० वॉट’ अशी दोन आकड्यांत क्षमता दिलेली असेल तर मोठा आकडा धरायचा.

> इशारा : जाड पिन लहान सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतात. इस्त्रीसाठी ते कधीही वापरू नका. इस्त्री चालते, तापते, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण सॉकेटच्या आतल्या पट्ट्या आणि भिंतीतली वायर त्या प्रवाहासाठी नसते. सॉकेट पिवळा पडणं, जळका वास येणं, पिन काढताना ती गरम लागणं, ही आग लागण्याआधीची लक्षणं आहेत. एक्स्टेन्शन बोर्डालाही हेच लागू.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. इस्त्रीत धातूचा तळ, पाणी आणि आपला हात हे तिन्ही एकमेकांजवळ असतात. जुन्या इमारतींत आणि चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही. वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या. मेन बोर्डावर आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर त्याच वेळी त्याबद्दल विचारा. स्टीम इस्त्रीचा विचार त्यानंतर करा, इतकं हे महत्त्वाचं आहे.

तपासा : सॉकेटपासून इस्त्रीच्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. इस्त्रीची वायर साधारण १.८ ते २ मीटर असते. बोर्ड खांद्याच्या उंचीवर असेल आणि तुम्ही जमिनीवर बसून इस्त्री करत असाल तर निम्म्याहून जास्त वायर खाली येण्यातच जाते.

पायरी २ : एका आठवड्याचे कपडे ढीग लावून बघा

जे कपडे घरी इस्त्री करायचे आहेत तेवढेच घ्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जाणारे कपडे यात धरू नका. चार ढीग करा.

पहिला ढीग सुती, लिनन आणि खादीचा. वाफेचा खरा उपयोग इथे आहे. सुती धागा पाणी शोषून मऊ होतो, त्या अवस्थेत दाबून सपाट केला आणि सपाट असतानाच वाळवला की चुण्या जातात. स्टीम इस्त्री ही तिन्ही कामं एकामागोमाग करते, म्हणून हाताने पाणी शिंपडायची गरज राहत नाही.

दुसरा ढीग टेरिकॉट, पॉलिएस्टर, मुलांचे युनिफॉर्म, ऑफिसच्या पँटी. यांना बेताची उष्णता पुरते. इथे वाफेपेक्षा तापमानाचं नियंत्रण नीट असणं जास्त मोलाचं.

तिसरा ढीग रेशमी साड्या, जरीकाठ, पैठणी. यांच्यावर थेट वाफ सोडूच नये. उलट्या बाजूने, वर पातळ सुती कापड टाकून, मंद उष्णतेवर इस्त्री करायची. पाण्याचा एक थेंब पडला तरी रेशमावर डाग उमटतो, म्हणून या ढिगासाठी वाफ पूर्ण बंद होणारी आणि न गळणारी इस्त्री लागते.

चौथा ढीग खळ किंवा स्टार्च घातलेल्या कपड्यांचा. कॉटनच्या साड्या, झब्बे, पांढरे लेंगे. हे थोडे दमट असतानाच कोरड्या, चांगल्या तापलेल्या इस्त्रीने करायचे. भरपूर वाफ दिली तर कडकपणा कमी होतो.

पहिला ढीग सगळ्यात मोठा असेल तर स्टीम इस्त्री घ्या, पैसे सत्कारणी लागतील. दुसरा आणि चौथाच मोठा असेल, तर ७५० ते १००० वॉटची साधी कोरडी इस्त्री आणि पाण्याची स्प्रे बाटली तुम्हाला पुरेल. माझं हे मत पक्कं आहे. सुती कपडे इस्त्रीवाल्याकडे देणाऱ्या किती तरी घरांत महागडी स्टीम इस्त्री फक्त युनिफॉर्मवर फिरते, आणि तिची वाफ कोणी चालूच करत नाही.

मुंबईचा पावसाळाही इथेच हिशेबात घ्या. जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे मुळातच दमट असतात. त्यात आणखी वाफ घातली तर ते ओलसर राहतात आणि कपाटात कुबट वास धरतात. या चार महिन्यांत वाफ बंद ठेवून कोरड्या उष्णतेचंच काम जास्त असतं. कागदावर लिहा : वाफ पूर्ण बंद करता आली पाहिजे.

पायरी ३ : इस्त्री कशावर करता?

वाफ कपड्यातून आरपार जाऊन खाली निघून गेली पाहिजे. तिला खाली वाट नसेल तर ती कपड्यातच पाणी होऊन बसते.

पलंगावर इस्त्री करणं सगळ्यात वाईट. गादी दबते, त्यामुळे कपड्यावर दाब बसत नाही, आणि इस्त्री तिच्यात रुतून वाफेची भोकं झाकली जातात. फोमच्या गादीवर तर गरम इस्त्री टेकवणंही धोक्याचं. डायनिंग टेबलावर करत असाल तर वरच्या लॅमिनेटखाली वाफ शिरून ते फुगतं. जमिनीवर चार पदरी सोलापुरी चादर आणि वर जुनं सुती कापड, ही आपल्याकडची पद्धत चालते. फक्त चार-पाच कपड्यांनंतर चादर ओलसर लागते, तेव्हा ती उलटवायची.

जाळीच्या पृष्ठभागाचं इस्त्री टेबल सर्वांत चांगलं. जागा नसेल तर घडी होऊन दारामागे किंवा कपाटाच्या फटीत जाणारं लहान टेबल मिळतं. तेही नको असेल, तर भरपूर वाफ सोडणारी मोठी इस्त्री घेऊ नका, कारण ती वाफ जाणार कुठे?

पायरी ४ : टाकीत कोणतं पाणी जाणार?

स्टीम इस्त्रीचं आयुष्य पाणी ठरवतं. पाणी वाफ होऊन जातं आणि त्यातले क्षार आत राहतात. ते साठून भोकं बुजतात, मग एखाद्या दिवशी पांढरे कण किंवा तपकिरी पाणी थेट शर्टावर येतं.

मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून येतं. ते पावसाचं साठवलेलं पाणी असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात, आणि चांगल्या इस्त्रीला ते चालतं. अडचण टँकर आणि बोअरच्या पाण्याची आहे. अनेक सोसायट्यांमध्ये फ्लशच्या लाइनला बोअरचं पाणी असतं, तर काही ठिकाणी उन्हाळ्यात टँकरचं पाणी सगळ्याच टाकीत मिसळलं जातं.

तपासा : बाथरूमच्या नळावर, स्टीलच्या बादलीवर, इलेक्ट्रिक किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो का? साबणाला फेस कमी येतो का? उत्तर हो असेल तर पाणी जड आहे. मग आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी किंवा क्षारमुक्त पाणी वापरायचं ठरवा, आणि आतले क्षार धुऊन काढण्याची सोय असलेलीच इस्त्री घ्या. खोक्यावर तिला ‘सेल्फ क्लीन’ किंवा ‘कॅल्क क्लीन’ म्हणतात. पाणी मऊ असेल तरी ही सोय असावी, असं माझं मत.

> इशारा : टाकीत गुलाबपाणी, अत्तर, स्टार्च, व्हिनेगर घालू नका. एसीमधून ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात धूळ आणि कॉइलवरची घाण असते. आरओमधून फेकलं जाणारं पाणी तर मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षारांचं. ही दोन्ही पाणी नकोत.

पायरी ५ : प्रकार ठरवा

आता कागदावर चार उत्तरं आहेत. पर्याय आपोआप कमी होतात.

हातात धरायचा स्टीमर टांगलेल्या कपड्यावरची मोड काढतो, प्रवासात बरा, पण शर्टाची कॉलर किंवा पँटची धार त्याने होत नाही. तो इस्त्रीच्या जागी घेऊ नये. वेगळी पाण्याची टाकी आणि नळी असलेलं स्टीम स्टेशन ताकदवान असतं. त्याला जागा, मोठा सॉकेट आणि भरपूर कपडे, तिन्ही लागतात. बाकी बहुतेक घरांना हातात धरायची साधी स्टीम इस्त्रीच योग्य.

पायरी ६ : खोक्यावरचे आकडे या क्रमाने वाचा

लोक आधी वॉट वाचतात आणि तिथेच थांबतात. वॉट फक्त एवढंच सांगतात की इस्त्री किती लवकर तापेल आणि सतत वाफ सोडताना किती गरम राहील. वाफ किती, हा वेगळा आकडा आहे.

*वाफेचा वेग.* हा मिनिटाला किती ग्रॅम असा दिलेला असतो. लहान सॉकेटवर चालणाऱ्या इस्त्र्यांमध्ये तो साधारण १५ ते २० च्या घरात, मोठ्या इस्त्र्यांमध्ये २५ ते ४५ पर्यंत. रोजच्या कॉटनच्या शर्टांना, कुर्त्यांना वीसच्या आसपासचा वेग पुरतो. लिनन आणि जाड खादी रोजची असेल तरच त्याहून पुढे जा, अर्थात सॉकेट परवानगी देत असेल तर.

*एकदम सुटणारी वाफ.* बटण दाबल्यावर जोराने येणारा झोत. खोक्यावर १०० च्या वरचे मोठे आकडे दिसतात. हा झोत हट्टी चुणीसाठी एखाद्या वेळी वापरायचा असतो, त्यामुळे या आकड्याकडे बघून निवड करू नका.

*टाकी.* एक ग्रॅम वाफेला एक मिली पाणी लागतं, म्हणून हिशेब सोपा आहे. टाकी १८० मिलीची आणि वेग २० असेल तर सलग नऊ मिनिटं. ३०० मिलीची असेल तर पंधरा. मोठी टाकी बरी वाटते, पण ती भरली की हातात ३०० ग्रॅम वजन वाढतं.

*तळ.* नॉनस्टिक तळ छान सरकतो, किंमतही आवाक्यात असते, पण चेन, हुक, जीन्सच्या रिव्हेट यांनी ओरखडे पडतात आणि मग तो कपड्याला अडकतो. सिरॅमिक गुळगुळीत, मात्र पडला तर टवका उडतो. स्टेनलेस स्टील टिकाऊ आणि घासून साफ करता येण्याजोगं. घरात युनिफॉर्म, जीन्स, चेन असलेले कपडे भरपूर असतील तर मी स्टील किंवा सिरॅमिक सुचवेन.

*गळती थांबवण्याची सोय.* तळ पुरेसा तापलेला नसताना पाणी खाली येऊ न देणारी ही यंत्रणा. तिसरा ढीग, म्हणजे रेशीम असलेल्या घरात ही हवीच.

*आपोआप बंद होणं.* इस्त्री तळावर पडून राहिली तर काही सेकंदांत, उभी राहिली तर काही मिनिटांत बंद होते. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असलेल्या घरात यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत.

तळाला किती भोकं आहेत, या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. टोकाकडे भोकं आहेत का, एवढं बघा. कॉलर आणि बटणांच्या मधल्या जागेसाठी ती उपयोगी पडतात.

पायरी ७ : दुकानात हातात घेऊन बघा

दादरला जा, विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत जा किंवा जवळच्या मोठ्या शोरूममध्ये. पण शेवटी ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा हातात घेतल्याशिवाय ठरवू नका. आणि घरात जी व्यक्ती रोज इस्त्री करते तिलाच घेऊन जा. मुठीचं माप तिचं महत्त्वाचं.

इस्त्री रिकामी असते, म्हणून टाकीचं वजन मनात मिळवा. ती काउंटरवर दोन-तीन मिनिटं पुढेमागे फिरवा. मनगटाला ताण जाणवला तर घरी तासभर ती चालणार नाही. तापमानाची चकती अंगठ्याने फिरते का, वाफेचं बटण चुकून दाबलं जातं का, पाणी भरायचं तोंड रुंद आहे का, पाण्याची पातळी बाहेरून दिसते का, हे एकेक करून बघा. उभी केल्यावर हलकासा धक्का द्या. डगमगली तर ती नको. वायर मुठीपाशी जिथे निघते तिथे ती सगळीकडे वळली पाहिजे. तिथेच वायर आधी तुटते.

आणि खोक्यातून वायर बाहेर काढून पिन बघा. लहान की जाड, हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा डोळ्यांनी बघणं बरं.

पायरी ८ : शिक्का आणि बिल

इस्त्रीवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नुसतं चिन्ह पुरेसं नाही. त्याच्याखाली सीएम/एल अशा अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये तो टाकला की कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूचा परवाना आहे ते तिथेच दिसतं. दुकानात उभं राहून हे करा, दुकानदाराला राग येण्याचं कारण नाही.

बिल जीएसटीचं, मॉडेल क्रमांकासह घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या. आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या उपनगरात कुठे आहे ते विचारा. बोरिवलीहून बिघडलेली इस्त्री घेऊन गर्दीच्या गाडीने भायखळ्याला जावं लागणार असेल, तर ती दुरुस्त होणारच नाही.

पायरी ९ : घरी आणल्यावर, बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत

खोकं फेकू नका. तळावरचं संरक्षक आवरण आणि चिकटपट्टी काढा. मग या क्रमाने चाचणी घ्या.

१. पाणी न घालता, वाफ बंद ठेवून मध्यम तापमानावर जुन्या चादरीवर पाच मिनिटं फिरवा. पहिल्या वेळी थोडा वास येणं साहजिक आहे. इस्त्रीवरचा दिवा विझला पाहिजे आणि थोड्या वेळाने पुन्हा लागला पाहिजे. याचा अर्थ थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारा भाग, काम करतो आहे. पिन आणि सॉकेट हाताला गरम लागता कामा नये.

२. इस्त्री बंद करून पिन काढा, मग ‘मॅक्स’च्या खुणेपर्यंत पाणी भरा. कधीही पिन लावलेली असताना पाणी भरू नये.

३. चकती तीन टिंबांवर, म्हणजे कॉटनवर. दिवा विझेपर्यंत थांबा. त्यानंतरच वाफ चालू करा. लोकांची सगळ्यात जास्त चूक इथे होते : तळ तापायच्या आत वाफ सोडली की पाण्याची वाफ होतच नाही, ते तसंच भोकांतून खाली येतं, आणि मग ‘इस्त्री गळते’ म्हणून ती परत केली जाते.

४. आता जुन्या सुती कापडावर वाफेसह एकदा आणि वाफ बंद करून त्याच जागी पुन्हा एकदा फिरवा. दुसऱ्या फेरीनंतर कापड कोरडं लागलं पाहिजे. दमट कपड्याची घडी घातली तर कपाटात तो पुन्हा चुरगळतो.

५. चकती एका टिंबावर आणा, वाफ बंद ठेवा, दहा मिनिटं थांबून जुन्या गडद कापडावर फिरवा. एकही थेंब दिसला तर ती लगेच बदलून घ्या.

> इशारा : बहुतेक स्टीम इस्त्र्या दोन टिंबांच्या खाली नीट वाफ देत नाहीत. कमी तापमानावर वाफ चालू ठेवल्यामुळे थेंब पडणं आणि वाफ बंद असतानाही थेंब पडणं यात फरक आहे. पहिलं वापरातली चूक, दुसरा वस्तूतला दोष.

दुकानदार बदलून द्यायला तयार नसेल आणि कंपनीही दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल आणि गळणाऱ्या थेंबांचा व्हिडिओ जवळ ठेवून तक्रार नोंदवा.

पहिल्या महिन्यापासून लावायची सवय

काम झालं की पिन काढा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. पाणी आत ठेवून दिलं की क्षार बसतात, गंज धरतो आणि पुढच्या वेळचे तपकिरी डाग तिथूनच येतात. गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळू नका. थंड झाल्यावर सैलसर गुंडाळा.

महिन्यातून एकदा, बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर दोनदा, आतली सफाई करा. टाकी भरा, तापमान सर्वांत वर न्या, दिवा विझून पुन्हा लागून पुन्हा विझेपर्यंत थांबा, पिन काढा, बेसिनवर आडवी धरा आणि सेल्फ क्लीनचं बटण दाबून हळूहळू हलवा. उकळतं पाणी आणि वाफ जोराने खाली येते, म्हणून हात लांब ठेवा आणि मुलांना बाजूला करा. टाकी रिकामी झाल्यावर पुन्हा तापवून जुन्या फडक्यावर फिरवा, म्हणजे भोकांत अडकलेले कण कपड्याऐवजी त्या फडक्यावर उतरतात.